लाल पांड्याच्या झाडाखालचा सत्कार

सगळा दोष माझ्या ठुलोबांचा. ठुलोबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ, रणध्वज नेम्बाङ, गावच्या वन समितीचे अध्यक्ष, पाणी समितीचे अध्यक्ष, झुलत्या पुलाच्या समितीचे अध्यक्ष, आणि पूल वाहून गेला तरी समिती शिल्लक आहे म्हणून अजून अध्यक्षच. नाव आधीच घेऊन टाकतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की पोरगा म्हाताऱ्याबद्दल आडून बोलला. आडून नाही बोलत. समोरच बोलणार होतो, पण त्यांच्यासमोर बोलायला नंबर लागत नाही ना... त्यांचंच भाषण चालू असतं!

तुम्ही म्हणाल, वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलतात का? बोलतात. मी बोलतो. तुम्ही आमच्या गावात येऊन बघा, म्हणजे तुम्हीही बोलाल, फक्त त्यासाठी आधी तुम्हाला सत्कार करून घ्यावा लागेल. आमच्याकडे माणूस आला की त्याला आधी हार, मग खुर्ची, मग भाषणं. भाषणं म्हणजे कुणाची? सगळ्यांची. ज्याचं वय झालं त्याचा हक्कच तो. वयाच्या उतरत्या क्रमाने एकेक जण उठतो, माइकवर फुंकर मारतो, आणि म्हणतो, "वेळ थोडा आहे, मी फक्त दोन शब्द बोलतो." तुम्हाला सांगतो, त्या दोन शब्दांत आमच्याकडे बटाटे उकडून होतात. सोलूनही होतात. खाऊन माणूस पुन्हा भुकेला होतो, तरी दुसरा शब्द यायचा असतो.

आता मूळ गोष्ट. आमच्या गावाच्या डोक्यावर जंगल आहे, आणि जंगलात हाब्रे आहे. हाब्रे म्हणजे लाल पांडा. मांजरापेक्षा थोडा मोठा, अंगाने भाजक्या विटेच्या रंगाचा, पोट काळं, तोंड पांढरं, आणि शेपटी अशी की जनावर गेलं तरी ती मागून येतच असते. अख्खं आयुष्य बांबूची पानं खाणं आणि फांदीवर पडून राहणं, एवढंच त्याचं काम. आमच्या समितीचंही साधारण तेच काम आहे, फरक इतकाच की हाब्रे बोलत नाही.

अकरावीत मी शाळा सोडली. सोडली म्हणजे हेडसरांनी आणि मी एकमेकांना सोडलं. हे हेडसर, खड्गमान सर, आता निवृत्त आहेत, पण गोष्टीत पुढे येणार आहेत, लक्षात ठेवा. तर शाळा सुटली, बाप मलेशियात, आई वेलदोड्याच्या वाफ्यात, आणि मी जंगलात. कुणी पाठवलं नव्हतं. नुसता जायचो. जाता जाता कळायला लागलं, हाब्रे कुठे हगते, कुठली पानं खाते, कुठल्या झाडावर ऊन खायला येते. एक आई होती आणि तिचं एक पिल्लू. मी तिला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं असतं तर ठुलोबांनी बारसं घातलं असतं, आणि बारसं म्हणजे परत दोन शब्द.

तिचं एक ओकाचं झाड होतं. शेवाळाने असं लपेटलेलं की झाड म्हणजे गोधडी पांघरून उभी म्हातारी. समोरच्या डोंगरावरून सूर्य वर आला की सकाळचं पहिलं ऊन त्या झाडाच्या एका आडव्या फांदीवर पडायचं. त्याच फांदीवर ती यायची, पोटावर पडायची, चारी पाय खाली सोडून द्यायची, आणि पिल्लू तिच्या शेपटीवर चढून घसरायचं, चढून घसरायचं. पण हे किती वेळ? तर खालच्या दरीतून धुकं वर येईपर्यंत. धुकं आलं की मग काही नाही, मग स्वतःचे बूट दिसले तरी नशीब. मंगसिर महिन्यात, म्हणजे थंडीच्या तोंडाशी, धुकं आणि ऊन यांच्यामध्ये जी फट असते, तेवढीच तिची सकाळ. आणि तेवढीच माझी.

मग काठमांडूहून तुलाधर आले. सुवास तुलाधर, सहलींच्या एका कंपनीचे माणूस, फुगीर जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा, पण माणूस वाईट नाही. त्यांना हाब्रे बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक गाव हवं होतं. डोळ्यासमोर दोन होती, एक आमचं, आणि एक डोंगराच्या पलीकडचं. दोन्हीकडे पाहुण्यांना एकदा नेऊन बघायचं, जिथे हाब्रे नीट, शांतपणे दिसेल ते गाव कायमचं धरायचं, आणि त्या गावातल्या एका पोराला शिकवून वाटाड्या करायचं. रीतसर. बिल्ला, गणवेश, सगळं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "येहाङ भाई, मी बाकी कुणाला ओळखत नाही. तू दाखव. दाखवलीस तर काम तुझं."

मी त्या रात्री झोपलो नाही, असं लोक सांगतात ना, मी तर चांगला घोरत झोपलो, कारण मला खात्री होती. मला फक्त एकच भीती होती, आणि ती जनावराची नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठुलोबांनी बैठक बोलावली. चुलीभोवती तिघे. ठुलोबा, हेडसर, आणि सुबेदार बाजे. सुबेदार बाजे म्हणजे भारताच्या पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले आमच्या गावचे सगळ्यांत म्हातारे. समोर तिघांच्या तोङबा, म्हणजे नाचणीची गरम दारू, बांबूच्या नळीने चोखत चोखत विचारविनिमय. मी उभा. बसायला सांगितलं नव्हतं. मी हात जोडून म्हटलं, ठुलोबा, पाहुणे आले की सकाळी सत्कार नको. त्यांना उजाडायच्या आत मी थेट वर नेतो, ऊन पडताना झाडाशी पोचलं पाहिजे, सत्कार परत आल्यावर करा, हवा तेवढा करा, रात्रभर करा.

हेडसर म्हणाले, "परत आल्यावर ते दमलेले असतील. दमलेल्या माणसाला भाषण समजत नाही." जसं काही न दमलेल्याला समजतं! आणि पाहुणे हॉलंडचे, भाषणं आमच्या बोलीत, त्यात दमण्याचा काय संबंध?

सुबेदार बाजे म्हणाले की सत्कार न करता पाहुण्याला जंगलात पाठवणं म्हणजे आपण त्याला हाकलल्यासारखं होतं, आणि पलीकडच्या गावात हे कळलं तर तोंड कुठे दाखवायचं. मी म्हटलं, बाजे, पलीकडच्या गावाने त्यांना हाब्रे दाखवली तर आपल्याला तोंडच राहणार नाही. त्यावर ते नुसते हसले. माझ्या वयाला हसले. आमच्याकडे कुठल्याही वादाचं उत्तर तेच, समोरच्याच्या वयाला हसायचं.

मग ठुलोबांनी डोळे मिटले. बराच वेळ. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "पोरगा खरं बोलतो आहे. वेळ वाचला पाहिजे." तुम्हाला काय सांगू, जन्मात पहिल्यांदा ठुलोबांनी माझं ऐकलं, मला भरून आलं, मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, आणि मी वाकलेला असतानाच वरून पुढचं वाक्य आलं.

"सत्कार वरच करू. झाडाखाली."

मी वाकलेलाच राहिलो. वर उठून काय बघणार होतो? म्हटलं, ठुलोबा, ती आवाजाला बुजते. हेडसर म्हणाले, तिलाही कळू दे की पाहुणे तिच्यासाठी आले आहेत. सुबेदार बाजे म्हणाले, "आम्ही तोफांच्या आवाजात झोपलो आहोत, नातवा." ती पलटणीत नव्हती हो बाजे, ती झाडावर होती! ठुलोबा म्हणाले, काही काळजी करू नकोस, मोठा कार्यक्रम नाही. फक्त दोन शब्द.

पाहुणे आले. नवरा-बायको, दोघंही पिकलेली. नवऱ्याचं नाव योप, बायकोचं हानेके. ती बाई म्हणजे... बघा, मी माणसांबद्दल चांगलं फार बोलत नाही, पण ती बाई खोकला आला तर रुमालात तोंड खुपसून खोकायची. का? तर जंगलाची सवय असावी म्हणून. आमच्या घरात, चुलीपाशी. न वाजणारे बूट. जाकिटाची चेनसुद्धा हळू ओढायची. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला सांगितलं की आई आहे, पिल्लू आहे, तर तिने माझा हात धरला. तिने लहानपणी त्यांच्या शहरातल्या पिंजऱ्यात एक पाहिली होती, तेव्हापासून तिला मोकळी बघायची होती. एवढंच तिचं मागणं. वन समिती, पाणी समिती, पूल समिती, कुणाकडेही तिचं दुसरं काही मागणं नव्हतं.

उजाडायच्या आत निघालो. पुढे मी, मागे ती, मग योप, मग तुलाधर. मी त्यांना आदल्या संध्याकाळी सगळं शिकवलं होतं. हात वर म्हणजे थांबा, हात खाली म्हणजे बसा. कुणी बोललं नाही. कोरडं पानसुद्धा बघून पाय टाकत होते. मी मनात म्हणत होतो की ठुलोबा उठले नसतील, रात्री तोङबा जास्त झाली असेल, देवा, एकदाच होऊ दे जास्त. शेवटच्या वळणाला मी हात वर केला. सगळे थांबले. शांतता. आणि त्या शांततेत, वळणाच्या पलीकडून, माझ्या हेडसरांचा आवाज आला, डोंगराएवढा मोठा होऊन.

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. माझा आवाज मागेपर्यंत येतो आहे का?"

येतो आहे, सर. तिबेटपर्यंत येतो आहे.

वळलो तर काय? अख्खं गाव. लाकडी बाक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वेलदोडा वाहायच्या डोकोंत, म्हणजे पाठीवरच्या टोपल्यांत घालून रातोरात वर आणलेल्या. दोन झाडांमध्ये कापडी फलक, त्यावर पाहुण्यांचं स्वागत आणि त्याहून मोठ्या अक्षरांत ठुलोबांचं नाव. शेजारच्या झाडाला भोंगा, खाली गाडीची बॅटरी. ढोलकरी तयार. आणि पाहुण्यांसाठी तीन मानाच्या खुर्च्या. कुठे? बरोबर त्या ओकाच्या खाली. तोंड कुणाकडे? गावाकडे. पाठ? झाडाकडे.

आणि तुम्हाला सांगतो, ती होती. शपथ घेऊन सांगतो. सगळ्या गोंधळात ती फांदीवर होती. हाब्रे घाबरली की आधी पळत नाही, आधी गोठते, फांदीचाच एक फुगवटा होऊन बसते. ऊन नुकतं तिच्या पाठीवर आलं होतं, शेपटी खाली लोंबत होती, आणि तिच्या कानाआडून पिल्लाचं पांढरं तोंड. पाहुण्यांच्या डोक्यावर, थोडं मागे. मान वळवून वर बघितलं की झालं. गावातल्या प्रत्येकाला ती समोर दिसत होती, पण गाव बघत होतं पाहुण्यांकडे. हाब्रे काय, रोजचीच. गोरा माणूस कधी दिसतो?

मान वळवू द्यायची ना पण! हार सुरू झाले. वन समितीचा हार, पाणी समितीचा, पुलाचा, आमा समूहाचा, म्हणजे गावातल्या बायकांच्या मंडळाचा, क्रीडा मंडळाचा, झेंडूचे हे जाडजूड हार, हानेकेबाईच्या नाकापर्यंत चढले. दुर्बीण खाली गाडली गेली. बिचारी फक्त डोळ्यांनी मला विचारते आहे, कुठे? मी समोरून भुवया उडवतो आहे, वर, मागे, वर, मागे. तिला वाटलं मला काही चावलं.

हेडसर म्हणाले, आता सभापतींच्या परवानगीने फक्त दोन शब्द. आणि सुरू झाले. त्यांनी सुरुवात कुठून करावी? पृथ्वीवर बर्फ होता तिथून. मग बर्फ वितळला, मग बांबू उगवला, मग हाब्रे आली, मग शाळा आली, मग शाळेचं छप्पर, मग ते छप्पर कुणाच्या कारकिर्दीत बदललं. मी हळूच कडेकडेने सरकत खुर्च्यांच्या मागे गेलो. ती अजून होती. एक पंजा फांदीवर सरकवला होता. खाली दरीत बघितलं, तर धुकं निघालेलं. हानेकेबाईच्या मागे वाकलो, कानात म्हटलं, वर, तुमच्या मागे, हळू बघा. तिने हारांसकट मान वळवायला सुरुवात केली... अर्धी वळली होती. अर्धी.

भोंग्यातून ठुलोबा बोलले, "येहाङ, खाली बस. मोठे बोलत आहेत."

ती बाई सभ्य. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. लगेच समोर बघून बसली, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी.

मग सुबेदार बाजे उठले. त्यांनी कुठल्या लढाईत कुठल्या नदीपाशी काय केलं ते दोन शब्दांत सांगितलं. नदी आली, पूल आला, मेजर साहेब आले, आणि इकडे धुकं वेलदोड्याच्या वाफ्यांवरून चढून बांबूत शिरलं. मग ठुलोबा उठले. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला, पोरगी पाठवताना जावयाचा हात धरावा तसा. म्हणाले, मी जास्त बोलणार नाही, आपण सगळे जिच्यासाठी जमलो ती हाब्रे आमची शान आहे, आमची आई आहे, आमचा श्वास आहे, आणि ह्या आनंदात एक नाच होऊ दे. आणि हात खाली केला, आणि सगळे ढोल एकदम.

मी वर बघत होतो. सगळ्या गावात एकटा मी वर बघत होतो. तिने पिल्लाची मानगूट तोंडात धरली. पिल्लू आता एवढं मोठं झालं होतं की असं उचलायचं त्याचं वय राहिलं नव्हतं, पाय खाली लटपटत होते, तरी धरली. फांदीच्या पलीकडच्या टोकाला गेली, तिथून दुसऱ्या झाडावर, तिथून धुक्यात. मग फांदीवर नुसतं ऊन राहिलं. मग तेही गेलं.

नाच बराच वेळ चालला.

इथे थांबलं असतं तरी बरं होतं, खरं सांगतो. नाही दिसली, पुढच्या वेळी दिसेल, तुलाधर मला तसं म्हणालेही, की भाई, उद्या सकाळी आपण चौघेच परत येऊ, कुणाला सांगू नकोस. माझ्यात जीव आला. पण आमच्या म्हाताऱ्यांना पाहुणा रिकाम्या हाताने जाताना बघवत नाही ना. ते त्यांच्या रक्तात आहे. ठुलोबांना कळलं होतं की पाहुण्यांना हाब्रे दिसलेली नाही. त्यांना वाईट वाटलं. मनापासून वाईट वाटलं, ते ढोंग नव्हतं, तेच तर जास्त भयंकर आहे. ते सुबेदार बाजेंच्या कानाशी लागले, बाजेंनी आपल्या सख्ख्या नातवाला खाली घरी पिटाळलं, आणि तोपर्यंत, तुम्हाला काय वाटतं, गप्प बसले असतील? आमा समूहाच्या अध्यक्षांचे दोन शब्द.

नातू धापा टाकत परत आला. काखेत गुंडाळी. ठुलोबांनी ती उलगडली, झटकली, काजळी उडाली, आणि हानेकेबाईच्या खांद्यांवर पांघरली. शाल पांघरावी तशी. दोन्ही हातांनी, मान झुकवून.

तुम्ही ओळखलंत. मीही ओळखलं. बाजेंच्या घरात चुलीच्या वरच्या भिंतीवर ते लहानपणापासून बघत आलो होतो. त्यांच्या बापाने कधीकाळी फास लावून धरलेली. धुराने काळपट, पण शेपटीवरचे पट्टे अजून मोजता यावेत इतके साफ.

टाळ्या पडल्या. हानेकेबाई हसली, तिला वाटलं लोकरीचं काही विणलेलं आहे. हात फिरवला. शेपटीवर हात गेला, आणि हात थांबला. तिने माझ्याकडे बघून विचारलं, हे काय आहे? दुभाष्या मीच ना. म्हटलं, जुनं कापड आहे, जुन्या रीतीचं.

आणि अख्ख्या आयुष्यात ज्या माणसाने मला इंग्रजीचं एक वाक्य धड शिकवलं नाही, त्या माझ्या हेडसरांनी पुढे होऊन, माझी चूक सुधारत, स्पष्ट उच्चारात सांगितलं, "रेड पांडा, मॅडम. ओरिजिनल."

ती ओरडली नाही. ओरडायला पाहिजे होतं. तिने ते खांद्यावरून काढलं, घडी घातली, तान्ह्या पोराच्या दुपट्याची घालतात तशी घडी, खुर्चीवर ठेवलं, आणि तोंड हारांत लपवून रडायला लागली. गावाला वाटलं आनंदाने रडते आहे. परत टाळ्या.

तुलाधर काळा चष्मा काढून माझ्याकडे बघत होते. मला ते बघणं समजलं. हाब्रेचं कातडं घरात ठेवणं गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, समितीच्या कार्यालयाच्या भिंतीवर ठुलोबांच्या सहीने तसं लिहिलेलंही होतं. त्याच दुपारी ते पाहुण्यांना घेऊन निघाले. योपने जाताना माझ्याशी हात मिळवला. तिने नाही. ती जीपमध्ये समोर बघत बसली होती. तुलाधर म्हणाले, "मला वर कळवावं लागेल, भाई. माझा इलाज नाही." नसणारच. माझा तरी कुठे होता?

काही दिवसांनी वन कार्यालयाचे साहेब यायचे होते. आदल्या संध्याकाळी पुन्हा चूल, पुन्हा तिघे, पुन्हा तोङबा. ह्या वेळी मला बसायला सांगितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. ठुलीआमाने, म्हणजे ठुलोबांच्या बायकोने, माझ्यासमोरही तोङबा ठेवली. पहिल्यांदा.

ठुलोबा म्हणाले, साहेबाला एक नाव द्यावं लागेल.

मी म्हटलं, नाव आहे की. कातडं बाजेंचं, द्यायची कल्पना तुमची, इंग्रजी हेडसरांचं.

कुणी हसलं नाही. सुबेदार बाजे चुलीकडे बघत म्हणाले, "माझी पेन्शन आहे, नातवा." हेडसरांचीही होती. ठुलोबांची नव्हती, पण ते अध्यक्ष, अध्यक्षाचं नाव लागलं तर समितीच मोडते, जंगल सरकार परत घेतं, मग गावाने चारा कुठून आणायचा? मुद्देसूद बोलत होते सगळे. भोंगा नसला की आमचे म्हातारे फार मुद्देसूद बोलतात.

"तू जंगलात फिरतोस हे सगळ्यांना माहीत आहे," ठुलोबा म्हणाले. "सापडलं म्हणावं. जुनं होतं, पडलेलं सापडलं. पोरवयात उचललं. साहेब समजून घेतील."

"आणि मी?"

"तुझं काय जाणार आहे, बाबू? तुझ्याकडे काय आहे?"

मी म्हटलं, काम मिळणार होतं. ते म्हणाले, ते तर गेलंच ना आता. आणि मग हळू आवाजात, माझ्याकडे न बघता, की तुझा बाप मलेशियात गेल्यापासून ह्या घरात तुझ्या आणि तुझ्या आईच्या ताटात काय पडलं ते मी कधी काढलं आहे का? नव्हतं काढलं. हे खरं, कधीच नव्हतं काढलं. त्या संध्याकाळपर्यंत साठवून ठेवलं होतं. आई दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली. मी रागीट आहे, उद्धट आहे, शाळा सोडलेला आहे, सगळं आहे. पण आईच्या खाली घातलेल्या मानेवर पाय देऊन नाही जाता आलं मला.

साहेब आले. त्यांचाही सत्कार झाला. हार, खुर्ची, भाषणं, उकडलेले बटाटे, कोंबडी. हेडसर दोन शब्द बोलले, बाजे दोन शब्द बोलले. ठुलोबांनी गदगदून सांगितलं की आपल्याच पोराकडून अजाणतेपणी चूक झाली आहे, गावाची मान खाली गेली आहे, समिती कठोर कारवाई करणार आहे, साहेबांनी पुढे न्यायची गरज नाही. साहेब कोंबडी खात मान हलवत होते. मग ठुलोबांनी मला हात केला, की ये, तूही दोन शब्द बोल. बघा हं, जन्मभर मला खाली बस म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने माझ्यासमोर माइक धरला.

मी म्हटलं, "कातडं माझं."

आणि माइक परत दिला. गावाच्या इतिहासात खरोखर दोनच शब्द बोललेला मी पहिला माणूस. टाळ्या मात्र नाही पडल्या.

साहेब कातडं घेऊन गेले, प्रकरण वर गेलं नाही. सहलीचे पाहुणे आता डोंगराच्या पलीकडच्या गावात येतात. तिथला एक पोरगा बिल्ला लावून त्यांना फिरवतो, भेटला की मला नमस्कार करतो, चांगला पोरगा आहे. सुबेदार बाजेंची पेन्शन चालू आहे, हेडसरांचीही. ठुलोबा बिनविरोध पुन्हा अध्यक्ष झाले. सत्कार झाला. आई म्हणते विसर. मी वेलदोड्याच्या वाफ्यात तण काढतो, पाट वळवतो, वेळ जातो.

आणि समितीने त्या दिवशी, साहेबांच्या समोर, एकमताने ठराव केला. मला जंगलात पाय ठेवायला बंदी आहे. कायमची.